घासीलालजींचं अक्षर

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम यंदा बँकेतल्या कुलकर्णी मॅडम बघतात. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, काका, तुम्ही जयपुरात इतकी वर्षं काढली, लक्षात राहिलेल्या एखाद्या माणसावर लिहा. मी म्हटलं, मी चौथी शिकलेला, मला लिहायला कुठं येतं. त्या म्हणाल्या, शुद्धलेखन आम्ही बघतो, आणि कंप्युटरवर शंभर फाँट आहेत, तुम्ही सांगाल तो लावू.

तिथं माझं डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. शंभर आहेत हे मला माहीत आहे. माझ्या नातवाच्या मोबाईलमध्येपण आहेत. पण त्यातलं कुठलं अक्षर कुणाच्या कपाळावर शोभतं, हे सांगणारा माणूस जवळच्या चौमूं गावी मुलाच्या घरी, एका खोलीत राहायला गेला. आणि तो जायच्या आधी त्याची अक्षरं गेली. परकोट्याच्या आत आमचा बाजार आहे, जाऊन बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत हलवाई, वकील, दातांचा डॉक्टर, कफनाचं कापड विकणारा, सगळ्यांच्या पाट्यांवर एकच अक्षर. मशीननं काढलेलं. ती सगळी ओळ आधी घासीलालजींची होती.

बाहेरगावच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगतो. परकोटा म्हणजे जुन्या शहराची भिंत. तिच्या आत दुकानाची पाटी रंगीत चालत नाही. पांढऱ्या पट्टीवर काळं अक्षर, बस. पाटीची उंचीपण ठरलेली. भिंतीबाहेर सी-स्कीमच्या नव्या वस्तीत जा, तिथं हवा तो रंग लावा, दिवे लावा, बाई नाचवा. आत चालत नाही. घासीलालजी म्हणायचे, "रंग काढून घेतला म्हणून तर मजा आहे. आता जे बोलायचं ते अक्षरानंच बोलायचं."

ते बोलायचे हिंदीत, त्यात त्यांच्या गावाकडची ढूंढाडी बोली. मी मराठीत लिहितो. पण एक ध्यानात ठेवा, ते शिवीसुद्धा 'आप' लावून द्यायचे. समोर शेंबडं पोर असलं तरी आप. बावीस वर्षांत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नाही, आणि बावीस वर्षांत माझा जेवढा अपमान त्यांनी केला तेवढा कुठल्या सुभेदारानं केला नाही.

मी फौजेत पेंटर होतो. लोकांना वाटतं फौजेत सगळे बंदूकच चालवतात. गाड्यांचे नंबर, दारूगोळ्याच्या पेट्या, 'विना परवाना प्रवेश मना', हे कुणीतरी लिहितं ना? ते मी सतरा वर्षं लिहिलं, पत्र्याच्या साच्यातून. सगळं काटकोनात. इथल्या छावणीतूनच रिटायर झालो. पोरं इथल्या शाळेत होती, म्हणून कोरेगावला परत गेलो नाही. पहिलं काम मिळालं ते याच बाजारात, एका हलवायाची पाटी. दोन दिवस खपून लिहिली आणि शिडीवरून उतरलो तर खाली एक हडकुळा माणूस उभा. पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. हातात ब्रशांची पिशवी, म्हणजे आमच्याच धंद्यातला, पण सदऱ्यावर रंगाचा एक ठिपका नाही.

त्यानं पाटी वाचली. मग मला विचारलं, "फौजीसाहेब, राग मानू नका. आत काय विकतात, लाडू की तोफगोळे?"

हलवाई गल्ल्यावर बसून हसला. माझं पित्त खवळलं. त्या माणसानं माझ्या हातातला खडू मागून घेतला आणि दुकानांपुढच्या बरामद्याच्या फरशीवर नुसता एक 'म' काढला. पोट सुटलेला, खाली गोल, वर टोपीसारखी जाड रेघ. म्हणाला, "हे बघून तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. तुमचं बघून माणूस सावधान उभा राहील."

मी आठ दिवस त्या बाजारात पाऊल टाकलं नाही. नवव्या दिवशी गेलो. शिकवा असं मी म्हटलं नाही, आजपण म्हणणार नाही. मी विचारलं, काम आहे का. ते म्हणाले, आहे.

त्यांची काम करायची एक तऱ्हा होती, ती मला शेवटपर्यंत पटली नाही. पाटी सांगितली की ते आधी त्या दुकानात जाऊन बसायचे. तासभर, कधी अर्धा दिवस. मापं नाहीत, नमुना नाही. चहा प्यायचा आणि गिऱ्हाईक बघायचं. गिऱ्हाईक आत येताना वाकतं का, मालाला हात लावतं का, मोठ्यानं बोलतं की मालकाच्या कानाशी. मग उठायचे आणि अक्षर ठरलेलं असायचं. मालकाला विचारायची पद्धत नव्हती. मी बाहेर शिडी धरून उन्हात. मला हा सगळा चहा पिण्याचा बहाणा वाटायचा.

डोळ्याच्या डॉक्टरची पाटी त्यांनी अशी लिहिली की अक्षर सडपातळ, दोन अक्षरांत मोकळी जागा, कुठं वळण नाही. मी म्हटलं, जरा सावली देऊ या, उठून दिसेल. ते म्हणाले, "ज्याला आधीच एकाचे दोन दिसतात त्याला तुम्ही अक्षराची सावली दाखवणार?" सावली ते फक्त बँडवाल्यांना द्यायचे. लग्नात वाजवणाऱ्या बँडची पाटी, तिला दुहेरी सावली, शेपट्या, सगळं. "यांचं अक्षर वाजलं पाहिजे," म्हणायचे. ट्रकवाल्याच्या ऑफिसला पुढं झुकलेलं अक्षर. वकिलाला उभं, खांबासारखं, वरची रेघ जाड, "नाहीतर अशील फी देणार नाही." हे सगळं ते हसून सांगायचे असं वाटेल तुम्हाला. नाही. मख्ख चेहऱ्यानं.

एका जवाहिऱ्यानं सांगितलं, माझं नाव इतकं मोठं करा की चौपडीवरून वाचता आलं पाहिजे. चौपड म्हणजे इथला मोठा चौक. घासीलालजी म्हणाले, "सेठजी, लांबून हाक मारतो तो भाजीवाला. तुमच्याकडं जो येणार आहे तो जवळ येऊन वाचेल." आणि पाटीच्या मधोमध एवढंसं नाव लिहिलं. बाकी सगळं पांढरं. सेठ इतका भडकला की पाटी उतरवून घे म्हणाला. पण महिन्याभरात समोरच्या जवाहिऱ्यानं तसंच अक्षर मागितलं, तेव्हा सेठनं स्वतः घासीलालजींना बोलावून बजावलं की त्याला तसं द्यायचं नाही. त्यांनी दिलंही नाही. समोरच्याला आणखी लहान दिलं.

सी-स्कीममध्ये एक नवं हॉटेल निघालं होतं. तिथल्या सजावट करणाऱ्या बाईंना भिंतीवर जुनी पाटी हवी होती. म्हणजे आज लिहायची, वाळली की काचकागदानं घासायची, थोडा चहाचा डाग, थोडा चुना उडालेला, असं करून शंभर वर्षांची दिसली पाहिजे. घासीलालजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाईजी, मी अक्षर जन्माला घालतो. मारायचं काम दुसऱ्याकडून करून घ्या." आणि चालू लागले. ते काम मी केलं. का करू नये? घासल्यावर चांगलं दिसत होतं, परदेशी लोक त्याच्यापुढं फोटो काढायचे. घासीलालजी महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. ब्रश द्या, ब्रश घ्या. मी पण बोललो नाही. कोण मोठा अडून बसणारा हे त्या महिन्यात दोघांनाही कळलं.

कौतुक हा प्रकार त्यांच्याकडं नव्हता. चांगलं झालं की 'चलेगा'. फार चांगलं झालं की काहीच नाही. एकदाच वेगळं बोलले, ते सांगतो.

इथं कुणी वारलं की तिसऱ्या दिवशी बैठक असते, लोक भेटायला येतात. दाराबाहेर फळा लावतात, 'तीये की बैठक', नाव, वेळ. आसपासच्या गल्ल्यांतले असे फळे घासीलालजीच लिहायचे, कुणी बोलावलं तर हातातलं काम टाकून जायचे. त्या अक्षराला जाड-बारीक नाही, टोक नाही, काही नाही. म्हणायचे, "इथं अक्षरानं मान खाली घालून उभं राहायचं." त्यांची बायको गेली तेव्हा तो फळा मी लिहिला. मला कुणी सांगितलं नव्हतं. ते डोकं भादरून बाहेर आले, सवयीनं चार पावलं मागं गेले, मान तिरपी करून बघितलं. मला वाटलं आता चूक काढणार. म्हणाले, "बरोबर आहे. तिला जाड अक्षर आवडत नव्हतं." मग आत गेले. बायकोचा एवढाच उल्लेख मी त्यांच्या तोंडून ऐकला.

आता अत्तरवाल्याची पाटी. इक्रामभाईंचं दुकान ओळीत मधोमध आहे. ती पाटी घासीलालजींनी माझ्या आधी कधीतरी लिहिलेली. बोरूच्या कापासारखं अक्षर, सुरुवातीला जाड आणि पुढं पुढं पातळ होत जाणारं, शेवटी कुठं संपतं ते कळत नाही. मी एकदा शिडीवर चढून शोधलं, कळलं नाही. रोज सकाळी कामाला लागायच्या आधी ते त्या पाटीखालून एकदा जायचे. देवाला जातात तसे. ते देवाला जात नव्हते.

शेवटची दोन वर्षं ते मला म्हणायला लागले, "ही रेघ तुम्ही ओढा, मी चहा घेऊन येतो." मग बारीक काम तुम्ही करा, मग वेलांट्या तुम्ही करा. मी मनात म्हटलं, शेवटी आलं म्हाताऱ्याच्या लक्षात, माझा हात तयार झाला. मी खूश होतो. खोटं कशाला सांगू.

मग बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या सभेत निघालं की पाट्या जुन्या झाल्या, सगळा बाजार एकसारखा करायचा. एक ठेकेदार तयार होता. त्याचा माणूस कंप्युटर घेऊन आला, चित्र दाखवलं. सगळी दुकानं, सगळ्यांना एक अक्षर. सेक्रेटरी म्हणाले, किती नीटनेटकं दिसतं. नीटनेटकं दिसतच होतं. शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी असतात तसं.

घासीलालजी मागं बाकावर बसले होते. कुणी त्यांना विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, मशीन कशाला पाहिजे? हा माणूस जिवंत बसलाय. मास्टरजी दोन महिन्यांत सगळी ओळ नव्यानं लिहून देतील, प्रत्येकाला त्याचं अक्षर, आणि मशीनपेक्षा साफ. सेक्रेटरी म्हणाले, खरंच देतील? मी म्हटलं, उद्या सकाळी सगळ्यांसमोर एक फळी लिहून दाखवतील, मग ठरवा.

हे बोलताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं, एवढं मी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बरामद्यात फळी मांडली. पांढरी, घोटलेली. पंचवीसएक दुकानदार, ठेकेदाराचा माणूसपण. घासीलालजी आले, तोच पांढरा सदरा. खडूचा दोरा त्यांनी माझ्याकडं दिला, तो मी ताणला आणि रेघ मारली. त्यांनी ब्रश भिजवला, डब्याच्या कडेला दोनदा निथळला, हात टेकायची काठी घेतली. अक्षराच्या वरची रेघ एका श्वासात ओढायची असते. त्यांनी श्वास घेतला आणि सुरू केली. वीतभर सरळ आली. पुढं ती हलली. मग आणखी हलली. वाऱ्यावर दोरी हलते तशी पांढऱ्यावर काळी रेघ. त्यांनी ती मध्ये सोडली नाही, शेवटापर्यंत नेली.

ठेकेदाराचा माणूस पोराच्या वयाचा, पण भला निघाला. म्हणाला, "अंकल, हवा आली होती. पुन्हा करा."

हवा नव्हती. घासीलालजींनी ब्रश तारपिनात धुतला, फडक्यानं पुसला, केस बोटांनी जुळवून टोक काढलं, रोज काम संपल्यावर करायचे तसं. आणि सेक्रेटरींना म्हणाले, "मशीनकडून करून घ्या. साफ होईल."

गल्लीत मी त्यांना गाठलं. म्हटलं, हात कापतो हे मला सांगितलं का नाही?

"तुम्ही विचारलंत कधी?" ते म्हणाले. "तुम्ही तर परस्पर सांगून आलात."

मी म्हटलं, झालं ते झालं. मी लिहितो. अक्षर तुमचंच, हात माझा. अजून वेळ गेलेली नाही, मी सभेत जाऊन सांगतो.

ते थांबले. माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाले, "फौजीसाहेब, तुमचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे. पण तुम्ही दुकानात बसत नाही."

बावीस वर्षं मी त्या माणसाची शिडी उन्हात धरली. मी म्हटलं, मग बसा तुम्हीच. आणि घरी आलो. नंतर आम्ही बोललो नाही. चूक माझी होती असं मंडळातले दोन-तीन जण म्हणतात. त्यांनी कधी शिडी धरलेली नाही.

महिन्याभरानं काम सुरू झालं. ठेकेदाराची माणसं जुनं अक्षर पत्र्याच्या पात्यानं खरवडून काढत होती, लाकडाचे टवके निघत होते. इक्रामभाईंनी मला फोन करून सांगितलं की तुमचे मास्टरजी आले, तिसऱ्या दुकानापाशी उभे राहून बघितलं, आणि ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, खरवडू नका, वरून पांढरा रंग मी देतो. मजूर म्हणून. माझा विश्वास बसला नाही. दोन दिवस मी स्वतःला आवरलं. तिसऱ्या दिवशी गेलो.

मी समोरच्या बाजूच्या बरामद्यात, बांगडीवाल्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो. ते शिडीवर होते, इक्रामभाईंच्या दुकानासमोर. शेजारच्या सगळ्या पाट्या कोऱ्या झाल्या होत्या. हातात चार बोटं रुंदीचा ब्रश. अशा ब्रशाला हात थरथरला तरी चालतं. त्यांनी आधी ओल्या फडक्यानं पाटी पुसली, मग कोरड्या. अक्षर लिहायच्या आधी पुसतात तशीच. मग डावीकडून सुरुवात केली. घाई नाही. एक हात आडवा, वाळू दिला, एक उभा. जाड भाग गेला, मग पातळ होत जाणारा. सदऱ्यावर एक थेंब नव्हता.

झाल्यावर त्यांनी मान वळवून रस्त्याकडं बघितलं. शिडीवरच्या माणसाला आपलं काम सारखं झालं की नाही हे कळत नाही, खालच्यानं सांगायचं असतं, ही आमच्या धंद्यातली रीत. इतकी वर्षं तो खालचा मी होतो. त्यांना मी दिसलो. त्यांनी ब्रश थोडा वर उचलला, म्हणजे, ठीक?

उजव्या टोकाला, जिथं ते अक्षर संपायचं, तिथं पांढऱ्याखालून काळं अजून दिसत होतं. पुसट, पण रस्त्यापलीकडून मला दिसत होतं. त्यांना हातभर अंतरावरून दिसत नव्हतं.

मी हात वर करून सांगितलं, ठीक. आणि वळून चालू लागलो.